बाटली विसळू नका

माझा राग नाकावर असतो, हे मी कधी लपवलं नाही. प्रयोगशाळेतला माझा सहकारी म्हणतो की मॅडम आणि ऑटोक्लेव्ह यांच्यात फरक एवढाच, ऑटोक्लेव्हची शिट्टी कधी होणार ते आधी कळतं. ऑटोक्लेव्ह म्हणजे बाटल्या वाफेवर निर्जंतुक करायचं भांडं, घरच्या कुकरचा थोरला भाऊ म्हणा. आमची प्रयोगशाळा पाण्याची. मावळातल्या गावांमधून आणि वाड्यांमधून नळाचं, विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून आमच्याकडे येतं, आणि ते 'पिण्यास योग्य' आहे की 'पिण्यास अयोग्य' हे आम्ही कागदावर लिहून देतो. निकाल दोन शब्दांचा, पण त्यासाठी किती खपावं लागतं ते आमचं आम्हाला माहीत.

मी तळेगावहून स्कूटीवर इथे वडगावला यायला लागले तेव्हाची आमची खोली आठवली की अजून हसू येतं. एक फ्रिज होता, त्यात नमुन्यांच्या बाटल्यांशेजारी कुणाचं तरी दही असायचं. वीज गेली की इनक्युबेटर, म्हणजे जंतू वाढवायची उबदार पेटी, गार पडायची आणि दोन दिवसांची मेहनत वाया जायची. मग आम्ही भांडलो. म्हणजे मी भांडले आणि सहकाऱ्यानं अर्ज लिहिले, कारण त्याचं अक्षर चांगलं आणि डोकं थंड. इन्व्हर्टर आला, नवा फ्रिज आला, दह्याची हकालपट्टी झाली. प्रत्येक तपासणीसोबत एक मुद्दाम दूषित केलेला आणि एक शुद्ध नमुना लावायची शिस्त लागली, म्हणजे दूषित तो दूषित आणि शुद्ध तो शुद्ध निघाला तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. आता बाहेरचे परीक्षक येऊन आमचं काम तपासणार होते आणि पटलं तर आम्हाला मान्यता देणार होते. एवढ्याशा जागेला मान्यता. मला त्याचा इतका अभिमान होता की भाजीवालीलाही मी ते सांगून ठेवलं होतं.

पावसाळा सरत आला होता आणि तपासणी तोंडावर होती, तेव्हा एका सकाळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. वयानं माझ्यापेक्षा मोठी, पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिनं प्लॅस्टिकची बाटली काढली, कोल्ड्रिंक संपल्यावर लोक फेकून देतात तसली, आणि पाण्यानं भरलेली ती बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

"हितं पानी बघत्यात ना? मग ह्ये बघा."

मी म्हटलं, "मावशी, असं कुठल्याही बाटलीत आणलेलं पाणी तपासता येत नाही. बाटली आमची लागते."

"तुमच्या बाटलीत तर चांगलंच निघतंय. म्हनून माज्या बाटलीत आनलं."

बाई कुरवंड्याच्या अलीकडच्या एका वाडीतली होती. नागफणीच्या सुळक्याकडे चढून जाणाऱ्यांना ती घराच्या ओसरीवर जेवायला घालायची. पिठलं, भाकरी, ठेचा, कधी मटकीची उसळ. शनिवार-रविवारी तिच्याकडे पंगती उठायच्या. पण गेल्या काही आठवड्यांत वाडीच्या खालच्या आळीत, म्हणजे तिच्याच आळीत, जुलाब-उलट्यांनी माणसं हैराण झाली होती, आणि तिच्याकडे जेवून गेलेली पोरंही पुण्यात जाऊन आजारी पडली होती. त्यातल्या कुणीतरी मोबाइलवर तिच्या नावानं वाईट लिहिलं. पाण्यात काही दोष आहे का, असा विषय निघाला तेव्हा पंचायतीच्या फळ्यावर लावलेला आमचा कागद सगळ्यांनी दाखवला. 'पिण्यास योग्य.' पाणी चांगलं, म्हणजे खोट हिच्या चुलीत, कारण पंगतीत उरलेलं आळीतही वाटलं जायचं. पुढच्या ग्रामसभेत निर्णय होईपर्यंत तिला चूल बंद ठेवायला सांगितलं होतं.

"मानसं लांबून माज्या हातचं खाया येत व्हती," ती म्हणाली. "आता शेजारीन घरी आली तर माज्या हातचा च्या घेत न्हाई. तुमचा कागद म्हनतो पानी चांगलं. मग वंगाळ काय, माजा हात?"

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. आमच्या कागदावर कुणी बोट ठेवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी तिला आमची पद्धत सांगितली, दूषित नमुन्याचं आणि शुद्ध नमुन्याचं सगळं सांगितलं, जरा वरच्या पट्टीतच सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी आमच्या नळाचं पानी पिऊन बगितलंय का?"

ती बाटली टेबलावर तशीच ठेवून निघाली. मी मागून ओरडले, "उद्या मी स्वतः येते." खरं सांगायचं तर मी तिच्यासाठी जात नव्हते. मी माझ्या कागदाची बाजू लढवायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सहकारी आणि मी बाटल्या, बर्फाचा डबा असं सगळं घेऊन लोणावळ्याला गेलो आणि तिथून वर वाडीत. धुकं इतकं की पुढची म्हैस शिंग लागेल इतकी जवळ येईपर्यंत दिसत नव्हती. पंचायतीचा जलसुरक्षक खालच्या आळीच्या नळापाशी आमची वाट बघत होता. गावाला पाणी सोडायचं, त्यात टीसीएल म्हणजे जंतू मारायची पावडर टाकायची आणि महिन्याला नमुने भरून आमच्याकडे पाठवायचे, हे त्याचं काम. पन्नाशीचा गृहस्थ, धुतलेला इस्त्रीचा शर्ट, नखं कापलेली. मावशी तिच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती.

मी त्याला आमची बाटली दिली आणि म्हटलं, "भाऊ, दर महिन्याला घेता तसाच नमुना घ्या. मी काही बोलणार नाही."

त्यानं आधी साबणानं हात धुतले. नळाचं तोंड पुसलं, स्पिरिटचा बोळा पेटवून ते शेकलं, पाणी थोडा वेळ वाहू दिलं. मी सहकाऱ्याकडे बघितलं, माझी छाती फुगली होती. आमच्या प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं हा माणूस जसंच्या तसं करत होता. मग त्यानं बाटलीचं बूच काढलं, उजेडाकडे धरून आत बघितलं, थोडं पाणी घेतलं, खळखळ हलवलं आणि ओतून दिलं. पुन्हा घेतलं, पुन्हा हलवलं, पुन्हा ओतलं. मग काठोकाठ भरली.

मी काही बोलणार नाही म्हटलं होतं, पण तोंडून निघालंच. "भाऊ, बाटली विसळलीत कशाला?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "म्हंजे? न विसळता पानी कसं भरायचं?"

कुंपणापलीकडून मावशी म्हणाली, "भांडं विसळल्याबिगर कुनी पानी भरतं व्हय?" त्या दिवशी त्या दोघांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट असावी.

"आन मॅडम, येक सांगू का," जलसुरक्षक जरा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या बाटल्यांच्या तळाला पांढरं कायतरी ऱ्हातंय. दर येळंला. तुमच्याकडं बाटल्या नीट धूत न्हाईत. मी लय दिस सांगनार व्हतो, पन म्हटलं कशाला कुनाच्या पोटावर पाय द्यायचा. आपनच विसळून घ्यावं."

सहकाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. शिट्टी होणार अशी त्याची खात्री होती. पण मी डब्यातली एक कोरी बाटली काढली आणि उजेडाकडे धरून तिचा तळ बघितला.

ते पांढरं आम्हीच टाकलेलं असतं. नळाच्या पाण्यात टीसीएल असतं आणि बाटलीत भरल्यावरही ते आपलं काम करत राहतं. बाटली वडगावला पोहोचेपर्यंत आतले जंतू ते मारून टाकतं, आणि आम्ही तपासतो तोवर पाणी स्वच्छ झालेलं असतं. नळाखाली ओंजळ धरणाऱ्याला मात्र एवढी सवड मिळत नाही. तो पाणी जसं आहे तसं पितो. म्हणून बाटलीच्या तळाशी आम्ही चिमूटभर औषध वाळवून ठेवतो. ते टीसीएलला जागच्या जागी थांबवतं आणि नळातून पडताना पाणी जसं होतं तसंच आमच्यापर्यंत येतं. त्या पांढऱ्या थरावर आमची सगळी तपासणी उभी होती, आणि हा भला माणूस आमची लाज राखायला तो दर महिन्याला धुऊन काढत होता.

त्याला बोलायला माझ्याकडे जागाच नव्हती. आम्ही दिलेल्या पत्रकात लिहिलं होतं, 'नमुन्याची बाटली स्वच्छ व निर्जंतुक असावी.' निर्जंतुक हा शब्द घरात कुणी बोलत नाही. स्वच्छ मात्र सगळ्यांना कळतं, आणि आपल्याकडे स्वच्छ म्हणजे विसळलेलं. माझ्याही घरी तांब्या कितीही घासलेला असो, विसळल्याशिवाय त्यात पाणी भरलं तर माझाच हात अडतो.

मग आम्ही त्याच नळावर दोन बाटल्या भरल्या. एक भाऊंनी विसळून भरली, एक मी न विसळता भरली. दोन्ही बर्फात घालून वडगावला आणल्या आणि शेजारी शेजारी लावल्या. दुसऱ्या दिवशी इनक्युबेटरचं दार सहकाऱ्यानं उघडलं. विसळलेल्या बाटलीच्या नळ्या होत्या तशाच होत्या. दुसऱ्या बाटलीच्या नळ्यांचा जांभळा रंग पिवळा पडला होता, आणि आतल्या बारीक नळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे चढले होते. पाण्यात मैला मिसळत होता. आमचे सोबतचे दोन्ही नमुने अगदी बरोबर निघाले होते. यंत्रं बरोबर, माणसं बरोबर, आणि कागद मात्र चूक.

"कळलं," मी म्हटलं, "पण एकाच वाडीत असं होतंय का?"

सहकारी फोनपाशी बसला आणि गावोगावच्या जलसुरक्षकांना त्यानं एकच प्रश्न विचारला. एक-दोन आळशी सोडले तर सगळे विसळत होते. जो जितका टापटिपीचा, तो तितका जास्त विसळत होता. मावळच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आमचे 'योग्य'चे कागद लागले होते, आणि त्यातला कुठला खरा नि कुठला खोटा हे आता आम्हालाच सांगता येत नव्हतं. मान्यतेची तपासणी पुढच्या आठवड्यावर होती.

मी जिल्ह्याच्या आमच्या साहेबांना फोन केला. साहेब सज्जन आहेत, पण सज्जन माणसं वादळ टाळायला बघतात. ते म्हणाले, "पुढच्या फेरीत बाटल्या नीट भरून घ्या. नवे निकाल येतील, जुने आपोआप मागे पडतील. आत्ता मागे घ्यायचा गाजावाजा कशाला? परीक्षक येतायत."

"आणि त्या बाईची चूल?"

"कुठली चूल?"

मग मात्र शिट्टी झाली. मी साहेबांना मावशीचं सगळं सांगितलं. म्हटलं, आमचा कागद फळ्यावर आहे म्हणून शेजारीण तिच्या हातचा चहा घेत नाही. तो कागद आम्ही लावलाय, आम्हीच काढला पाहिजे, आणि सगळ्यांच्या देखत काढला पाहिजे. नवी यंत्रं मागताना आम्ही लिहिलं होतं की लोकांचा भरवसा वाढावा म्हणून हवीत. मग आता भरवसा नको का? मी आवाज चढवला होता हे मला नंतर सहकाऱ्यानं सांगितलं.

"पत्र तयार करा," साहेब म्हणाले. "सगळ्या गावांना. सही मी करतो."

त्या आठवड्यात आम्ही जे काम केलं तसं मी आधी कधी बघितलं नव्हतं. सहकाऱ्यानं बाटल्यांचे गठ्ठे डोक्यावर नेले, आमची बाटल्या धुणारी बाई रजा टाकून सासरी जाणार होती ती थांबली, आणि गावोगावचे जलसुरक्षक स्वतःच्या मोटारसायकलवरून नमुने घेऊन आले. कुणी कुणाला दोष दिला नाही. उलट प्रत्येक जण बाटली टेबलावर ठेवताना सांगायचा, "मॅडम, विसळली न्हाई बरं का." जणू काही मोठा संयम पाळून आलेत. तेव्हा मला वाटलं, प्रयोगशाळा मजबूत होते म्हणजे हेच होतं. फ्रिज आणि इन्व्हर्टर त्याच्या आधीच्या गोष्टी.

वाडीची ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. मावशी बायकांच्या शेवटच्या ओळीत बसली होती आणि तिच्या शेजारी थोडी जागा रिकामी होती. मी उभी राहून सांगितलं की पाण्यात मैला आहे, आधीचा कागद मागे घेऊन आम्ही 'अयोग्य'चा देत आहोत, आणि बाटली विसळल्यानं काय होतं तेही सांगितलं. जलसुरक्षक भाऊंना मी पुढे बोलावून म्हटलं की नमुना घेण्यात यांच्याइतका नेटका माणूस मी बघितला नाही, चूक आमच्या पत्रकाच्या शब्दाची होती. ते मान खाली घालून उभे होते, पण शर्टाची कॉलर त्यांनी नीट केली.

एक म्हातारे आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "म्हंजे बाई, तुमची लॅब चुकली?"

"हो आबा. आमचा कागद चुकला. मावशींचा हात नाही चुकला."

इतक्या वर्षांत मी खूप निकाल दिले. इतका सरळ निकाल कधी दिला नव्हता. मला लाज वाटेल असं आदल्या दिवशी वाटत होतं. वाटला तो अभिमान, आणि तो मी लपवला नाही.

पुढचं भराभर झालं. खालच्या आळीला जाणारी पाइपलाइन एका गटाराखालून गेली होती आणि तिथला जोड गळत होता. गावकऱ्यांनीच फरश्या उचलून ते शोधलं. पाइप वरून फिरवला, नवे नमुने आले, न विसळलेल्या बाटल्यांतून, आणि पाणी खरोखर योग्य निघालं. आळीतली माणसं बरी झाली. मावशीची चूल पेटली.

परीक्षक आले तेव्हा त्यांनी सगळं उलटंपालटं करून बघितलं. शेवटी त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "तुमचा निकाल चुकला असं कधी झालंय?" सहकाऱ्यानं डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "झालंय, गेल्या आठवड्यात," आणि साहेबांच्या सहीचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि चहा मागवला. मान्यता मिळाली. भाजीवालीला मी पेढा नेऊन दिला.

बाटलीवर लावायच्या नव्या चिठ्ठीवरून मात्र थोडी खडाजंगी झाली. वरून मजकूर आला होता, 'सदर बाटली प्रक्षालित करू नये.' मी तो वाचून दाखवला तेव्हा बाटल्या धुणारी बाई म्हणाली, "म्हणजे काय करू नये?" तिथेच तो मजकूर बाद झाला. आता आमच्या प्रत्येक बाटलीवर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असतं, 'बाटली विसळू नका. तळाचं पांढरं औषध आहे.'

थंडी पडल्यावर मी पुन्हा त्या वाडीत गेले. रविवार होता. ओसरीवर पंगत बसली होती, आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि वाढायला तीच शेजारीण होती. मी चपला काढल्या आणि माझं लक्ष समोरच्या भिंतीवर गेलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून, आमचा कागद लावलेला होता. लाल शाईत, मोठ्या अक्षरांत. 'पिण्यास अयोग्य.'

पंगतीतला एक पोरगा घास हातात धरून तिकडेच बघत होता. मी घाईनं आत गेले.

"मावशी, तो कागद काढा हो. जुना आहे. लोक घाबरतील. नवा 'योग्य'चा दिलाय ना, तो लावा."

तिनं परातीतून मान वर केली नाही. "त्यो पंचायतीत लावलाय. त्यो पान्याचा हाय." मग तव्यावर भाकरी टाकून म्हणाली, "ह्यो माजा हाय. ह्यो ऱ्हाऊ द्या."

तिनं हात पुसले, फळीवरचा पेला उचलला, चांगला खळखळून विसळला, नळाचं पाणी भरलं आणि माझ्यापुढे धरला. मी ते तिच्या हातचं पाणी तिथेच उभ्या उभ्या प्यायले.